हद्दपारीचे चार पत्ते

बटाट्याचं सॅलड मी करणार नाही, हे मी हिवाळा संपायच्या आधीपासून सांगत होते. नवऱ्याला सांगितलं, दुकानात सांगितलं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं. तरी वारसा दिनाच्या आदल्या दिवशी ग्रॅनव्हिलनं कोणी काय आणायचं ते ग्रुपवर टाकलं, आणि माझ्या नावापुढे काय? ‘झुकिस्वा: बटाट्याचं सॅलड.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यातला पहिला अंगठा माझ्या नवऱ्याचा, मोंडेचा.

मी फोन पालथा ठेवला आणि पत्त्यांचा डबा उघडला.

ग्रॅनव्हिलचं दुकान कोर्स्टनमध्ये आहे. पुढच्या अर्ध्या भागात गळ, दोरे, काठ्या आणि आमिषाचा फ्रीजर. मागच्या अर्ध्यात टेबलं, खुर्च्या आणि आमचे पत्ते. त्यामुळे पोर्ट एलिझाबेथमध्ये, म्हणजे आता म्हणायचं तर गेबेखामध्ये, तारलीचा वास येणारे पत्ते कोणाकडे दिसले तर तो माणूस आमच्यातला समजावा. वारसा दिनाच्या सुट्टीला सगळा देश ब्राय करतो, म्हणजे अंगणात विस्तव करून मांस भाजतो. आम्ही आधी पत्ते खेळतो आणि मग भाजतो. जिंकणाऱ्याला आमच्याकडे कप देत नाहीत, चिमटा देतात. लांब, लोखंडी, लाकडी मुठीचा. दुकानामागच्या अंगणात वर्षभर जेव्हा जेव्हा विस्तव पेटेल, तेव्हा तो चिमटा त्याच्याच हातात. आणि चिमटा ज्याच्या हातात त्याच्या विस्तवाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, सल्लाही द्यायचा नाही. बाकी कशात एकमत नसलेली माणसं हा एक नियम मात्र पाळतात.

गेली कित्येक वर्षं तो चिमटा ऊम हेनींकडे होता. ऊम म्हणजे काका. ते कोणाचेच काका नाहीत, पण वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, अर्ध्या चड्डीतला माणूस आपोआप सगळ्यांचा ऊम होतो. वाईट माणूस नाही. पण त्यांच्या हातचं मांस बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं असतं, आणि नियमामुळे कोणी ब्र काढू शकत नाही. मी त्या वेळी कुठे असते? आत, सॅलडपाशी. पुरुष विस्तवापाशी आणि बायका सॅलडपाशी, असं कोणी ठरवलेलं नाही म्हणतात. मग दर वर्षी तसंच कसं होतं, ते मला कोणीतरी सांगावं.

गेल्या वर्षी उपांत्य फेरीत हरले, त्याच्या आदल्या वर्षी अंतिम फेरीत. दोन्ही वेळा ऊम हेनींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “छान खेळलीस पोरी. सॅलड काढ आता.”

या वर्षी मला तो चिमटा हवा होता. दुसरं काही नको होतं.

आता खेळ थोडक्यात. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे स्वतः निवडलेल्या साठ पत्त्यांचा कॅट आणि वीस प्राण. पत्त्यांवर जनावरं असतात. ती टेबलावर मांडायची, समोरच्याच्या अंगावर सोडायची आणि त्याचे प्राण संपवायचे. बहुतेक लोक हेच करतात. मी करत नाही. मी गाड्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. काचेत बुडबुडा दिसला की काच बाजूला, हे माझं काम. खेळातही तेच करते. समोरच्यानं जे मांडलं ते काढून टाकायचं, पुन्हा मांडलं की पुन्हा काढायचं. त्याचा जीव मेटाकुटीला आला की माझी एकुलती एक म्हातारी कासवीण बाहेर काढायची, आणि ती दर पाळीला दोन-दोन प्राण कुरतडत डाव संपवते. माझा डाव सुरू झाला की लोक पाव आणायला जातात.

या असल्या खेळाचा सगळा जीव मारक पत्त्यांत. साठात त्यांना जागा बारा. त्याहून जास्त घेतले तर बाकीचा कॅट लंगडतो. आणि त्या बारा जागांसाठी माझ्याकडे चार जातीचे उमेदवार होते.

पत्ता टाकायला शक्ती मोजावी लागते, आणि ती पाळीगणिक वाढत जाते. ठिणगी स्वस्त, पहिल्या पाळीपासून चालते, पण फक्त लहानसहान जनावर मारते. खड्डा महाग, कोणालाही मारतो. पण ऊम हेनींचे ते चार देवमासे मेले की रद्दीतून उठून पुन्हा त्यांच्या हातात येतात, त्यामुळे खड्डा खणून उपयोग शून्य. देवमाशाला औषध एकच, हद्दपार. तो पत्ता जनावराला मारतच नाही, थेट खेळाबाहेर पाठवतो. पण त्यात एक खोच आहे. ज्याचं जनावर गेलं त्याला भरपाई म्हणून आपल्या कॅटातून एक पत्ता फुकट उचलायला मिळतो. आणि चौथा पूर. सगळ्यात महाग. टेबलावर असतील नसतील ती सगळी जनावरं एका झटक्यात बुडतात.

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते मांडून बसले होते. मागून आवाज आला.

“चार हद्दपार?”

“तू कपडे वाळत घालत होतास ना?”

“घातले. चार म्हणजे फार होतात, झुकी. दोन बस झाले.”

“ऊम हेनींकडे देवमासे किती?”

“चार.”

“मग?”

“मग माझ्या मधमाश्या आल्या की काय करशील? एक माशी हद्दपार करणार आणि वर मला पत्ता देणार? माझी काही हरकत नाही हं.”

मोंडे मधमाश्यांचा कॅट खेळतो. दहा माश्या मांडतो, हसतो आणि हरतो. सल्ला मात्र असा देतो की जणू चिमटा ह्याच्याच घरी टांगलेला आहे.

“तुझ्यासाठी ठिणग्या आहेत,” मी म्हटलं.

“किती?”

“तुला कशाला सांगू? उद्या तू माझ्याच समोर बसलास तर?”

“बायको आहेस माझी.”

“म्हणूनच.”

तो खुर्ची ओढून बसलाच. तेवढ्यात ग्रॅनव्हिलचा फोन. म्हणे, “झुकी, मी इंटरनेटवर वाचलं, सध्या हद्दपार कोणी घेतच नाही. जपानमध्ये सगळे ठिणगीवर आलेत.”

“जपानमध्ये ऊम हेनी राहतात का?”

“नाही.”

“मग ठेव फोन. आणि ते सॅलडचं काढ आधी तिथून.”

“अगं, तुझं सॅलड नसलं तर लोक काय खातील?”

मी फोन ठेवला. मोंडेनं तेवढ्यात पुराचे दोन पत्ते उचलून बाजूला केले होते.

“हे घेऊ नकोस. भित्र्यांचा पत्ता आहे.”

“तो कसा काय?”

“त्यात खेळच उरत नाही. माणूस एक एक माशी जमवतो, जीव लावतो, आणि तू एक पत्ता टाकून सगळं धुऊन टाकतेस. घरातही असंच करतेस.”

“घरात काय करते मी?”

“काही नाही.”

“नाही, बोल ना. घरात काय करते?”

“मी काही म्हटलंच नाही.”

दिवसभर काचा बघून माझे डोळे चुरचुरत होते. डोकं उठलं होतं. त्याला तिथून घालवायचं म्हणून मी म्हटलं, “बरं बाबा, नाही घेत पूर. पाच खड्डे, तीन ठिणग्या, चार हद्दपार. झालं समाधान? आता ऊठ.”

तो खूश होऊन उठला, गळाची काठी घेतली आणि धक्क्यावर गेला. रोज संध्याकाळी जातो. तिथे त्याच्या शेजारी कोण बसतं, हे मला माहीत होतं. मोंडेच्या पोटात तीळ भिजत नाही, हेही माहीत होतं. तरी मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीत बसलो. वारा असा सुटला होता की गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

“सॅलड?” मोंडेनं विचारलं.

“डिकीत आहे.”

डिकीत बटाट्यांचं पोतं होतं. मातीसकट. बटाटे आणले नाहीत असं तर कोणी म्हणू शकलं नसतं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “काल ऊम हेनी विचारत होते. झुकी या वेळी सॅलड करणार नाही म्हणे? मी म्हटलं, ऊम, तुम्ही कशाला काळजी करता? मी करायला लावतो तिला.”

करायला लावतो.

तेव्हा तोंड उघडलं असतं तर गाडी वळवून घरी आलो असतो. सिग्नलला मोंडे रेडिओशी खटपट करत होता तेव्हा मी मांडीवर डबा उघडला, दोन खड्डे काढून पिशवीत फेकले आणि पिशवीतले पुराचे दोन्ही पत्ते कॅटात खुपसले. ह्यात कसलाही हिशोब नव्हता, हे आताच सांगते, कारण नंतर लोकांनी मला फार हुशार ठरवलं. मला फक्त काहीतरी धुऊन टाकायचं होतं.

मोंडे पहिल्याच फेरीत ग्रॅनव्हिलकडून हरला आणि आनंदानं मागे अंगणात कोळसे मांडायला गेला. मी जिंकत गेले. पूर लागलाच नाही, ठिणग्या आणि खड्ड्यांवरच भागलं. दुपारी अंतिम फेरीला टेबलापलीकडे ऊम हेनी बसले होते. नेहमीची अर्धी चड्डी, नेहमीची मिशी.

“ये पोरी, बस. सॅलड फ्रीजमध्ये ठेवलंस ना? उन्हात मेयोनेज बिघडतं.”

“पत्ते पिसा, ऊम हेनी.”

मी पत्ते उचलले. हातात तीन हद्दपार. मला हसूच आलं. या माणसाचा एकही देवमासा आज पाण्याबाहेर डोकं काढणार नव्हता.

ऊम हेनींनी एक खेकडा मांडला.

पुढच्या पाळीला आणखी एक. मग दोन. बारके, लाल, बोटभर खेकडे. असले पत्ते त्यांच्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

“देवमासे कुठायत, ऊम हेनी?”

“सुट्टीवर,” ते म्हणाले. “आज सगळ्यांनाच सुट्टी आहे.”

मागचे लोक हसले. मी मान वळवून मोंडेकडे पाहिलं. तो अंगणाच्या दारात उभा राहून हातातल्या सॉसेजच्या वेटोळ्याकडे असा निरखून बघत होता, जणू त्यावर काही लिहिलं आहे.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सांगितलं होतं त्यानं, धक्क्यावर बसून. चार हद्दपार, तीन ठिणग्या. म्हणून देवमासे घरी आणि खेकडे बाजारात. तिथल्या तिथे उठून त्या सॉसेजनं त्याचा गळा आवळावा असं वाटलं.

पण समोर खेकडे येत होते. तोवर एकच ठिणगी आली होती, ती पहिल्यालाच गेली. पुढे हद्दपारच वापरावे लागले, देवमाशासाठी राखलेले, बोटभर खेकड्यांवर. प्रत्येक वेळी ऊम हेनींना भरपाईचा पत्ता. ते दर वेळी “धन्यवाद हं” म्हणून उचलायचे आणि त्यातून आणखी एक खेकडा निघायचा. डावाच्या मध्यावर माझ्याकडे चार प्राण उरले. हातात पूर आला होता, पण तो टाकायला लागणारी शक्ती पुढच्या पाळीशिवाय जमणार नव्हती. एक पाळी कशीबशी काढायची होती. त्यांनी आणखी थोडे खेकडे हातात मागे ठेवले असते तर पूर येऊनही माझं काही खरं नव्हतं, कारण बुडाले त्यांच्या जागी लगेच नवे आले असते. कोणताही शहाणा खेळाडू ठेवतो.

ऊम हेनींच्या खेकड्यांनी माझे आणखी तीन प्राण घेतले. मी एका प्राणावर आले. मग त्यांनी हातातले होते नव्हते ते सगळे खेकडे टेबलावर मांडले. एकही मागे ठेवला नाही.

“सगळेच?” ग्रॅनव्हिलनं न राहवून विचारलं.

“मग कशाला धरून बसू?” ऊम हेनी म्हणाले. “हिच्याकडे पूर नाहीये.”

आमिषाच्या फ्रीजरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

ऊम हेनींच्या मिशीखालचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

माझ्या हातात काय आहे, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. मी समोर बसले होते. माझ्याशी इतकी वर्षं खेळत होते. मी रागावले की काय करते, हे त्या दुकानातल्या खुर्च्यांनाही ठाऊक आहे. पण माहिती कुठून घ्यायची? मोंडेकडून.

मी पूर टेबलावर ठेवला.

ऊम हेनींनी तो वाचला. चष्मा लावून पुन्हा वाचला. मग एकेक खेकडा उचलून रद्दीत टाकला. पुढे त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. माझी म्हातारी कासवीण निघाली, दोन लोक पाव आणायला गेले, ते परत येईपर्यंत ती कुरतडत होती. ऊम हेनींना मधे एक खेकडा मिळाला. त्याच्यासाठी माझ्याकडे ठिणगी होती.

“जिंकलीस पोरी,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. हात घट्ट मिळवला. तेवढं त्यांचं मानायला हवं.

मग ते उठले. भिंतीवरच्या खिळ्यावरून चिमटा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मी उभी राहिले. हातही आधीच पुढे केला होता, खोटं कशाला सांगू. ते माझ्यासमोरून गेले, दारातून अंगणात गेले, आणि मोंडेच्या हातात चिमटा देऊन म्हणाले, “घे रे. शेवटी आला तुमच्या घरात.”

आणि मोंडेनं घेतला! नुसता घेतला नाही, दोनदा वाजवून पाहिला आणि सॉसेज उलटवलं.

मला रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ह्यातल्या कोणी काही मुद्दाम केलंच नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते. ग्रॅनव्हिल मला म्हणाला, “अभिनंदन झुकी! प्लेटा कुठे ठेवल्या आहेस?”

मी टेबलाशी परत गेले. माझ्या कॅटात चौथा हद्दपार शिल्लक होता, तो डावभर आलाच नव्हता. तो शोधून काढला. अंगणात गेले आणि धुरातून पुढे होऊन मोंडेच्या समोर, मांसाच्या ताटाच्या कडेवर ठेवला.

“वाच.”

“झुकी, हे काय आता? सगळ्यांसमोर...”

“मोठ्यानं वाच.”

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही.

“निवडलेलं जनावर खेळातून कायमचं बाहेर जातं,” त्यानं वाचलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. “त्याचा मालक भरपाई म्हणून एक पत्ता उचलतो.”

“हं.”

“अगं, ऊमनं दिला म्हणून मी धरला फक्त.”

“काल धक्क्यावर माझे पत्ते सांगितलेस तेही ऊमनं विचारलं म्हणून?”

त्यानं चिमटा उलटा करून, मूठ माझ्याकडे करून पुढे धरला. लाकूड त्याच्या हातानं गरम झालं होतं. मी घेतला. ऊम हेनींची मान खाली गेली होती.

“पोरी,” ते म्हणाले, “माझ्या मनात काही नव्हतं. सवयीनं झालं.”

“माहीत आहे, ऊम हेनी.”

मोंडे अजून तिथेच उभा. मग हळूच म्हणाला, “आणि भरपाई?”

“डिकीत आहे. पोतं. उचल.”

तो गेला आणि पोतं खांद्यावर घेऊन आला. तोंड सोडून आत पाहिलं. ऊम हेनींनीही वाकून पाहिलं.

“हे तर कच्चे आहेत,” ते म्हणाले.

“दोघांना पुरतील एवढे आहेत,” मी म्हटलं.

ग्रॅनव्हिलनं आमिष कापायची फळी धुऊन दिली. दोघं उलट्या क्रेटवर बसून सोलायला लागले. ऊम हेनी साल इतकी जाड काढत होते की बटाटा सुपारीएवढा उरत होता. मोंडेनं विचारलं, “आधी उकडायचे की आधी सोलायचे?” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वारा भिंतीवरून उतरून विस्तवात शिरत होता आणि धूर सरळ माझ्या डोळ्यांत येत होता. मी पहिली चॉप टाकली. आयुष्यात कधी विस्तवाशी उभं राहू दिलं नव्हतं, मला काय कळणार कधी उलटायची? खालून काळी पडली. वास सुटला. ऊम हेनींनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, चॉपकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर चिमट्यावर गेली आणि त्यांनी तोंड मिटून पुढचा बटाटा घेतला.

मी चॉप उलटली आणि दुसरी बाजूही करपू दिली.